हेडसेट आधी की धडा आधी?

पत्र थोडक्यात: डोंगराळ तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात या शिक्षिका पाचवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. वय ४७. दहावीच्या एका जुन्या बॅचने स्नेहमेळाव्यात शाळेसाठी ५ लाख रुपये जमवले आणि त्यातून ‘व्हीआर लॅब’ (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात शिकायची खोली) करायचं ठरवलं. विक्रेत्याने येऊन प्रात्यक्षिक दाखवलं. तो ८ हेडसेट, एक टॅबलेट आणि ३ वर्षांची ‘सामग्री’, म्हणजे हेडसेटमध्ये पाहायचे धडे, देणार आहे. हृदयाच्या आत उभं राहून झडपा उघडताना पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला, असं शिक्षिका प्रामाणिकपणे लिहितात. मुख्याध्यापक खूश आहेत, कारण शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असं काहीतरी आलंय आणि आपला पट घसरतोय. इकडे शाळेच्या खऱ्या प्रयोगशाळेला बहुतेक वेळ कुलूप असतं. प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं, निम्मे व्होल्टमीटर बंद, आणि नववीचा एकच वर्ग, ५६ मुलांचा. नाही म्हटलं तर आपण जुन्या वळणाच्या ठरू, हो म्हटलं तर दोन वर्षांत हेडसेट कपाटात जातील आणि डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीवर) सही आपली असेल, अशी त्यांची कोंडी आहे. ‘आभासी जगात मुलं खरंच शिकतात, की नुसती दिपतात? आणि या वयात मला हे जमेल का?’ असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं डेडस्टॉकचं वाक्य वाचून हसू आलं, आणि मग ते हसण्यासारखं नाही हेही लक्षात आलं. शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूचा उद्घाटनाचा फोटो कोणाचा आणि नंतरची जबाबदारी कोणाची, हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत. त्या व्यवहाराबद्दल पुढे बोलूच. आधी तुमच्या अंगावर आलेल्या काट्याबद्दल.

तुम्ही हृदयाच्या आत उभ्या राहिलात आणि थरारलात. का? माझा अंदाज असा, की तिथे दिसणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या ओळखीची होती. कितीतरी वर्षं फळ्यावर चार कप्पे काढताय. ही त्रिदली झडप, ही द्विदली, हे रक्त इथून फुप्फुसाकडे निघालं, हे सगळं तुमच्या डोक्यात आधीच होतं. चित्र फक्त जिवंत झालं. ज्या मुलाला अलिंद (वरचे कप्पे) आणि निलय (खालचे कप्पे) यांतला फरक अजून माहीत नाही, त्याला तिथे लाल भिंती आणि मोठा धडधड आवाज एवढंच मिळेल. मजा त्यालाही येईल, पण त्याचा थरार आणि तुमचा थरार एक नव्हे. प्रात्यक्षिक शिक्षकांना दाखवतात तेव्हा त्यात हा चकवा असतोच. विक्रेता फसवतो असं मी म्हणत नाही. आपल्याच ज्ञानामुळे आपण फसतो.

‘अनुभव मिळाला की समजतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. त्याला थोडं खरवडून पाहू. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या पॅराँग आणि मेयर या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. कॉलेजच्या काही मुलांना त्यांनी हेडसेट लावून शरीरातल्या पेशींचा धडा दिला, तर दुसऱ्या गटाला तोच मजकूर संगणकावर साध्या स्लाइड्समधून दिला. हेडसेटवाल्यांना धडा जास्त आवडला. चाचणीत मात्र स्लाइडवाल्यांनी जास्त गुण मिळवले. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या मक्रान्स्की यांनी मेयर यांच्यासोबत विज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळेवर काम केलं, तिथेही साधारण तेच दिसलं: हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ ही भावना वाढली आणि शिकणं कमी झालं. मेंदूवर एकाच वेळी पडणारा भार जास्त होता.

पण पॅराँग-मेयर यांच्या कामाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी तोच हेडसेटचा धडा तुकड्यातुकड्यांत दिला आणि प्रत्येक तुकड्यानंतर आत्ता काय पाहिलं ते मुलांना थोडक्यात लिहायला लावलं. सलग पाहणाऱ्यांपेक्षा ही मुलं पुढे गेली. म्हणजे यंत्र तेच होतं, मध्ये थांबवून ‘सांग पाहू’ म्हणणारं कोणीतरी आलं. ते काम तुम्ही रोज करता.

आता उलट बाजू. ‘आभासी प्रयोग म्हणजे खोटा प्रयोग, हातात वायर धरल्याशिवाय काय कळणार’ असंही तुम्ही लिहिलंय. तेही जसंच्या तसं धरून चालू नका. २००५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या कॉलेजच्या मुलांचे दोन गट केले. एकाने खऱ्या बॅटऱ्या, बल्ब, वायरी घेऊन विद्युतमंडल जोडलं. दुसऱ्याने तेच संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या हलत्या नकलेत. नंतर सगळ्यांना खरं मंडल जोडायला दिलं, तर संगणकावर शिकलेले त्यातही सरस निघाले. कारण कळलं की आश्चर्य ओसरतं: सिम्युलेशनमध्ये वायरीतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या तांब्याच्या तारेत ते कधीच दिसत नाहीत. शिवाय तिथे सैल जोडणी नसते, बल्ब उडत नाही, मुलाचं लक्ष वायरच्या टोकाशी झगडण्यात जात नाही.

हे सिम्युलेशन ‘फेट’ या संग्रहातलं होतं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. आज तो फुकट मिळतो, त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. त्याला हेडसेट लागत नाही. साधा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पुरतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचा रोख मी थोडा वळवते. ‘आभासी जगात मुलं शिकतात का?’ याला एक उत्तर नाही. त्या जगात मुलाच्या हातात काय आहे, हे विचारा. त्याला काही बदलता येतं का? रोध वाढवला तर धारेचं काय होतं, हे आधी सांगून मग पडताळता येतं का? की नुसती मान फिरवून पाहायचं? मान फिरवून पाहायचं असेल तर ती सहल आहे. सहलीला माझा विरोध नाही, पण सहलीसाठी ५ लाख हा वेगळा हिशेब झाला.

हेडसेटची खरी जागाही आहेच. जिथे चूक जिवावर बेतते, तिथे आभासी सराव कधीचा रुळलाय. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवर बसून विमान चालवायला शिकवणारं यंत्र बनवलं. पुढे १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना खराब हवेत वैमानिक मेले, तेव्हा अमेरिकी लष्कराने ती यंत्रं विकत घेतली. आज शल्यविशारद, अग्निशमन दलाचे जवान असाच सराव करतात. शाळेच्या विज्ञानातही काही विषयांत आत शिरून पाहण्याने फरक पडू शकतो: रेणूची त्रिमितीय रचना, ग्रहणात सूर्य-चंद्र-पृथ्वीच्या जागा, कानाच्या आतला शंख. पण असे धडे वर्षाला किती? तुमच्याकडची पाठ्यपुस्तकं घेऊन बसा आणि खुणा करा. भिंगांच्या पाठाला हेडसेट नको. पाच रुपयांचं भिंग आणि खिडकीतला उजेड पुरे, आणि भिंतीवर उलटी पडलेली खिडकी पाहून मुलं ओरडतात ती वेगळीच.

ही यादी विक्रेत्याला भेटण्याआधी करायची, नंतर नाही. नंतर केली तर आपण त्याच्याकडे जे आहे तेच धडे निवडतो.

आता हिशेब. तुमच्या नववीत ५६ मुलं, हेडसेट ८, म्हणजे एकाला सात जणांच्या पाळ्या. तासिका ३५ मिनिटांची. भागाकार केला की एका मुलाला पाच मिनिटं येतात. त्यातली दोन पट्टा आवळण्यात, वेणी सोडवण्यात आणि ‘बाई, मला धूसर दिसतंय’ यात जातील. उरलेली ४८ मुलं त्या वेळात काय करतील याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, ते तुम्हालाच द्यावं लागेल. शिवाय असे हेडसेट एका चार्जिंगवर साधारण दोन तास चालतात, आणि तुमच्याकडे वीज कशी असते हे तुम्ही मला सांगायला नको. कपाळाचा घाम सगळ्यांचा एकाच स्पंजवर. डोळ्यांची साथ आली की आधी हेच बंद करावं लागेल.

काही मुलांना गरगरतं, तो बाऊ नव्हे. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवरच आहोत. त्या भांडणातून मळमळ होते. मुलांना बसवूनच द्यायचं, थोडाच वेळ द्यायचं, आणि ज्याला फीट येते त्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. विक्रेत्याने ‘पाचवीपासून सगळ्यांना’ म्हटलंय, तर वयाची अट कागदावर मागा. मेटा कंपनीच्या हेडसेटला पूर्वी किमान वय १३ होतं. २०२३ मध्ये, पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी, ते १० वर आणलं गेलं. तुमच्या पाचवीतली मुलं त्या काठावर आहेत.

‘३ वर्षांची सामग्री’ हे शब्द वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. चौथ्या वर्षी काय? या क्षेत्राचा इतिहास छोटा आहे, पण बंद दुकानांनी भरलेला. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग २००३ मध्ये उघडलं. जगभरच्या विद्यापीठांनी तिथे पैसे मोजून ‘बेटं’ घेतली, वर्ग बांधले. २०१० मध्ये कंपनीने शिक्षणसंस्थांची सवलत काढायचं जाहीर केलं आणि अनेकांनी बाडबिस्तारा उचलला. काही वर्षांनी सवलत परत आली, पण गेलेले किती परतणार? गुगलने २०१५ मध्ये शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ आणलं, पुठ्ठ्याच्या चष्म्यातून जगाची सफर. २०२१ मध्ये ते बंद केलं. मोझिलाचं ‘हब्ज’ हे आभासी भेटीगाठींचं ठिकाण २०२४ मध्ये मिटलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे, तर जिल्ह्याच्या गावातल्या विक्रेत्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते ठरवा.

म्हणून त्याला विचारायचे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर मुख्याध्यापकांच्या नावे मागवा. करार संपल्यावर धडे चालतील का? इंटरनेट नसताना चालतील का? निवेदन मराठीत आहे का, की हिंदी-इंग्रजीच? बालभारतीच्या कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाशी कोणता धडा जुळतो? मूल आत काय पाहतंय ते मला बाहेर टॅबलेटवर दिसेल का? एखादा बिघडला तर दुरुस्ती कुठे, किती दिवसांत? मुलांची कोणती माहिती कंपनीकडे जाते? आणि शेवटी: दोन हेडसेट दोन आठवडे आमच्याकडे ठेवा, आमच्या मुलांवर वापरून पाहू. याला नकार आला तर बाकीची उत्तरं वाचायची गरज उरत नाही. होकार आला, तर एकच पाठ निवडा, अर्ध्या मुलांना हेडसेटने आणि अर्ध्यांना तुमच्या नेहमीच्या पद्धतीने शिकवा, आठवड्याने तीच दहा प्रश्नांची चाचणी सगळ्यांना द्या. मोठं संशोधन नाही होणार, पण बैठकीत तुमच्या हातात तुमच्या शाळेचा कागद असेल. सही करायची वेळ आली, तर ती तो कागद पाहून सगळ्यांनी मिळून करायची.

माजी विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना हेडसेटच हवेत. मला शंका आहे. त्यांना शाळेसाठी काहीतरी दिसेल असं करायचंय, आणि हेडसेट दिसतात. दुसरं काय मागायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यांना नुसतं चहाला बोलवू नका, एका तासिकेला बोलवा. फेटमधलं विद्युतमंडल भिंतीवर लावा. दोन बल्ब एकसर जोडले तर उजेड वाढेल की कमी होईल, यावर मुलांना आधी हात वर करायला लावा, पाहुण्यांनाही. पडद्यावर करून दाखवा, मग कपाटातल्या चालू असलेल्या सामानातून तेच खरं जोडा. सामान कमी पडेलच. तेवढंच त्यांना दिसू दे, भाषण नको.

मग त्यांच्यापुढे ठेवायचा माझा प्रस्ताव असा. थोडी रक्कम जुनी प्रयोगशाळा उघडी करायला: मीटर, भिंगं, होल्डर, जोडतारा. एक चांगला प्रोजेक्टर, काही साधे लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. सी-डॅक आणि अमृता विश्वविद्यापीठाने मिळून केलेल्या ‘ओलॅब्ज’ या संकेतस्थळावर नववीपासूनचे आभासी प्रयोग फुकट आहेत. संगणकावर आकाश पाहण्यासाठी ‘स्टेलॅरियम’ आहे, तेही फुकट. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पण ऑगस्टातले आपले ढग पाहता ते स्टेलॅरियममध्येच दिसेल असं धरून चाला. आणि रकमेचा मोठा वाटा माणसावर: संस्थेच्या संमतीने गावातल्याच एखाद्या बीएस्सी झालेल्या मुलीला मानधन देऊन प्रयोगशाळा रोज उघडी राहील असं बघा. दात्यांना हे पटवणं कठीण जाईल, कारण माणसावर पाटी लावता येत नाही. पाटी प्रयोगशाळेच्या दारावर लावा. चाचणी चांगली निघाली तर दोन हेडसेट घ्या, आठ नव्हे, आणि ते वर्गाच्या एका कोपऱ्यात, चार गट चार कामं करतायत त्यातलं एक काम म्हणून वापरा.

मुख्याध्यापकांची पटाची चिंता मी हसण्यावारी नेणार नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक पद गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पालकांना दाखवायला हेडसेटच हवा असं नाही, आणि इथे मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट वापरावीशी वाटते. तुम्ही जाताजाता लिहिलंय, शाळेमागे किल्ला आहे आणि दर वर्षी सहल तिथेच जाते. शाळेच्या संगणक कक्षातले जुने संगणक चालू आहेत ना? ‘लुआंटी’ नावाचा एक फुकट खेळ आहे, पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणत. माइनक्राफ्टसारखा, ठोकळ्यांनी जग उभारायचा. तो जुन्या यंत्रांवर चालतो आणि इंटरनेटशिवाय शाळेतल्या शाळेत जोडता येतो, म्हणजे सगळी मुलं एकाच जगात असतात आणि बाहेरचं कोणी आत येत नाही. मुलांना किल्ल्यावर टेप आणि वही घेऊन पाठवा. दरवाजाची रुंदी, तटाची उंची, टाक्याची लांबी-रुंदी-खोली. मग एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरून किल्ला बांधायला सांगा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला हे शिकवावं लागत नाही, फक्त इथे मावळ्यापेक्षा बुरूज बुटका चालणार नाही.

इथे भूगोल आहे, घनफळ आहे, प्रमाण आहे. टाक्यात किती लिटर पाणी मावतं, ते किती माणसांना किती दिवस पुरेल, हे गणित पुस्तकात दिलं तर कोणी सोडवत नाही. दरवाजा दोन बुरुजांच्या आड वळवून का बांधला, हे बांधताना कळतं, कारण सरळ बांधला की वर्गातला दुसरा गट थेट आत घुसतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत तुमचा असेल-नसेल, पण मुलांनी मोजून बांधलेला तुमचा किल्ला दुसऱ्या कोणाकडे नसणार. पालकसभेत मुलालाच संगणकावर बसवून आईवडिलांना तो फिरवून दाखवू दे. पटाचं काय होईल ते सांगता येत नाही. शेजारच्या शाळेला मात्र हे विकत मिळण्यासारखं नाही.

आभासी जगातून शिकायचं तर मला हा प्रकार सगळ्यात पटतो, मूल पाहुणं नसतं तिथे, गवंडी असतं. आणि याला ५ लाखांतला एक रुपयाही लागत नाही, फक्त तुमचे काही तास आणि इतिहासाच्या शिक्षकांशी गोडीत बोलणं.

उरला तुमच्या वयाचा प्रश्न. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कोडमागे काय ठेवायचं हे मात्र शिक्षकालाच ठरवावं लागतं. ते तुम्हाला येतं. बटणं दाबणं शिकायला तुम्हाला थोडा वेळ लागेल, आणि तेवढ्यापुरतं दहावीतल्या एखाद्या मुलीला गुरू करा. वर्गात गप्प बसणारी निवडा.

सुरुवात शनिवारी करा. सकाळची शाळा सुटली की त्या मुलीबरोबर संगणक कक्षात बसून फेटमधलं विद्युतमंडल उतरवून घ्या. एकच. त्यावर तीन प्रश्न तयार करा, ज्यांचं उत्तर मुलांनी आधी लिहायचं आणि मग पडद्यावर पडताळायचं. तो तास एकदा घेऊन पाहा, फसला तर प्रश्न बदला आणि दुसऱ्या इयत्तेला घ्या. विक्रेत्याला तोवर सांगा, कळवतो.